मँडरिन माशाचा निळा रंग खराच आहे
मँडरिन या छोट्या, रंगीबेरंगी समुद्री माशावरचा तुमचा लेख आवडला, पण त्याचा निळा रंग केवळ प्रकाशाच्या खेळामुळे दिसतो, हे त्यातलं वाक्य कृपया दुरुस्त करा. बहुतेक निळ्या माशांबाबत ते बरोबर आहे. मँडरिनच्या त्वचेतल्या पेशींत मात्र खरोखरीचं निळं रंगद्रव्य असतं. गोदा आणि फुजी या जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये ते दाखवून दिलं. प्राणिजगतात इतकी दुर्मीळ गोष्ट लेखातून निसटली, याची हळहळ वाटली. या माशाच्या अंगावर खवले नाहीत, उग्र वासाचा चिकट स्राव असतो. आणि एक कळकळीची विनंती, रूपावर भाळून हा मासा टाकीत आणू नका. तो दिवसभर खडकांवरचे बारीक जिवंत कोपेपॉड (कोळंबीच्या जातकुळीतले इवलेसे जलचर) टिपत फिरतो, कोरड्या खाद्याला सहसा तोंडच लावत नाही. टाकीतले कितीतरी मँडरिन उपासमारीनेच मरतात.