भागिले पाच

स्पेनमधल्या बिल्बाओचं मशीन टूल प्रदर्शन आटपलं की तिथल्याच तोलोसा गावी जाऊन स्टेक खायचा, हे आमच्या पर्चेसच्या साहेबांनी चाकणहून निघतानाच ठरवलं होतं. मी बीफ खात नाही हे सगळ्यांना ठाऊक. कारण विचारू नका. आमच्या घरात ते कधी आलं नाही, मलाही जमत नाही, संपला विषय. पण साहेब म्हणाले, "अरे चल, तुला काहीतरी मिळेलच." हे 'काहीतरी' ज्याच्या वाट्याला येतं, त्यालाच त्याची चव कळते.

बास्क मुलुखातल्या या जुन्या स्टेकघरांत मेनूकार्ड हा नुसता शिष्टाचार असतो. नवार्राचा पांढरा शतावर, लोदोसाच्या भाजलेल्या लाल मिरच्या, लेट्यूसची पानं आणि मग चुलेता. चुलेता म्हणजे हाडासकट चार बोटं जाडीचा स्टेक, किलोच्या भावाने, आणि वजन कच्च्याचं. हाडाचे पैसे वेगळे नाहीत, मांसाच्याच भावात.

वाढणारी बाई साठीची असेल. पाटावर कच्चा तुकडा घेऊन आली आणि बाळंतिणीने बाळ दाखवावं तशी प्रत्येकापुढे नेऊन दाखवू लागली. 2 किलो 700 ग्रॅम. गाय बारा वर्षांची, हे तिने अभिमानाने सांगितलं. आपण कोवळं मटण शोधत फिरतो, इथे म्हातारी गाय हीच शान. तिची चरबी पिवळी आणि चव गडद, असं म्हणतात. चौघांनी मोबाईल काढले. मी पाण्याचा ग्लास न्याहाळत होतो.

तिथेच मी तिच्या नजरेत भरलो.

फोनवरच्या ॲपवर स्पॅनिश शिकलेला आमचा डिझाइनवाला दुभाषी झाला. "हा खात नाही," त्याने सांगितलं. बाईने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि निघून गेली. परत आली ती दुसरा तुकडा घेऊन. हा लहान होता, जेमतेम किलोचा. तिला वाटलं मी आकाराला घाबरलो. मी मान हलवली. तिने पोटावर हात ठेवून भुवया उंचावल्या. आता मी आजारी. मी पुन्हा मान हलवली. मग तिने डिझाइनवाल्याला खालच्या आवाजात काहीतरी विचारलं. तो म्हणाला, "डॉक्टरनी मना केलंय का विचारतेय. हो म्हणू का?" मी म्हटलं, "म्हण बाबा." त्याने नक्की काय सांगितलं देव जाणे, कारण तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चुकचुकली.

मी धीर करून घेवडा मागितला. तोलोसाचा काळा घेवडा प्रसिद्ध आहे, निदान तेवढा तरी गरम रस्सा पोटात जाईल. बाई खवळली. घेवडा दुपारी! रात्री घेवडा कोण खातं? आमची आजी रात्री दह्याला हात लावू द्यायची नाही, तोच सूर. मग मासा? मासा हवा तर गेतारियाला जा, असं तिने हातानेच समुद्राची दिशा दाखवून सांगितलं. रात्रीचे दहा वाजत आले होते.

म्हणून मिरच्या. त्या मात्र खरोखर सुरेख होत्या, हे कबूल. साल काढलेल्या, गोडसर, लसणाच्या तेलात चमकणाऱ्या. पण मिरच्या हे जेवण नव्हे, तोंडीलावणं. आणि पलीकडे निखाऱ्यांवर तिरप्या जाळीवर तो तुकडा, वर जाड्या मिठाचा ढीग. उलटताना मीठ झटकायचं, बाहेरून काळाकुट्ट, आतून लाल. क्वालिटीवाल्याने "जरा जास्त भाजून" म्हटलं, तर बाईने त्याचं बोलणं ऐकूच आलं नाही असं केलं. माझी बशी रिकामी दिसली की मात्र न विचारता ब्रेड आणून टाकायची. आजाऱ्याची सेवा.

बिल आलं 260 युरो. साहेबांनी चष्मा वर केला. "भागिले पाच, 52."

माझ्या मिरच्या 9 युरोच्या. ते मी सांगितलंही. "अरे, मित्रामित्रांत कसला हिशोब!" साहेब म्हणाले. हा तोच माणूस, जो बोल्टच्या भावात पाच पैसे सुटावेत म्हणून सप्लायरला महिनाभर फेऱ्या मारायला लावतो. त्याच्या पानात तेव्हा ते हाड होतं. चोखून झालेलं. त्याचेही पैसे मी भरत होतो, किलोच्या भावाने.

पुढे ऐका. साहेबांनी स्वतःचं कार्ड दिलं आणि आमचे पैसे तिथल्या तिथे यूपीआयवर रुपयांत घेतले. दर त्या दिवशीचा, वर कार्डावरचा बँकेचा चार्ज धरून. आणि पावती घडी करून पाकिटात ठेवताना म्हणाले, "ही राहू दे माझ्याकडे. क्लेमला लागते."