उसन्या तांदळाचा संसार

एखादा देश पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या तांदळावर जगवायचा, तर नुसत्या दुष्काळावर भागत नाही. दुष्काळ काय, येतो आणि जातो. कायमची आयात हवी असेल तर चिकाटी लागते. उद्या तुमच्या हाती एखादा देश आलाच, तर आधी फिलिपिन्सकडे बघून घ्या. या घराण्यात पहिला मान त्यांचाच. २०२४ साली त्यांनी सुमारे ४७ लाख टन तांदूळ बाहेरून आणला. जगात सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक!

पहिलं काम म्हणजे भाताचं संशोधन करणारी जगातली नामांकित संस्था आपल्याच अंगणात बांधून घ्यायची. मनिलाजवळ लॉस बान्योसला १९६० पासून ती उभी आहे. १९६६ साली तिथूनच ‘आयआर-८’ हे वाण निघालं आणि आशियाभर पसरलं, आपल्याकडेही आलं. परदेशातली माणसं तिथे येऊन शिकतात, त्यांना मनापासून शिकवा. व्हिएतनामचेही बरेच जण शिकून गेले. आज व्हिएतनाम तुम्हाला सगळ्यांत जास्त तांदूळ विकतो. गुरुदक्षिणा उलटी जाते एवढंच.

कुणी नाकं मुरडलीच तर भूगोल पुढे करा. साडेसात हजारांवर बेटं, वर्षाला वीसेक वादळं, व्हिएतनामच्या मेकाँग नदीसारखं सपाट खोरं नाही. यातलं काहीच खोटं नाही, म्हणून तर ते इतकं उपयोगी पडतं. वादळाचं नाव घेतलं की कालव्याचं नाव कुणी काढत नाही.

मधूनमधून स्वयंपूर्णतेची तारीख जाहीर करत चला. हे फार महत्त्वाचं. १९७३ साली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थोरले मार्कोस यांनी ‘मासागाना ९९’ नावाचं भात वाढवायचं अभियान काढलं. हेक्टरी ९९ पोती भात, बिनतारण कर्ज, गावोगावी बँका. दशक संपता संपता थोडा तांदूळ निर्यातही झाला, ढोल वाजले. मग कर्जं बुडाली, बँका बसल्या आणि जहाजं पुन्हा बंदराला लागली. पुढच्या एका सरकारने २०१३ ची तारीख दिली. तीही गेली. तारीख देताना आपण खुर्चीवर असू की नसू, एवढा हिशेब करावा. बाकी हिशेब पुढचे करतील.

आता जरा नाजूक भाग. तांदूळ बाहेरून आला की तो गोदामात बसतो, आणि बसला की त्यात पोरकिडे होतात. २०१८ साली सरकारी तांदळात ते झालेच. तिकडे त्यांना ‘बुकबोक’ म्हणतात. आपल्याकडे अशा वेळी बायका सूप घेऊन अंगणात बसतात, तांदूळ उन्हात घालतात. त्यांच्या कृषी सचिवांनी, इमॅन्युएल पिन्योल यांनी, धुरी दिलेला तोच तांदूळ शिजवून घेतला आणि लोकांसमोर खाऊन दाखवला. भाताची परीक्षा शितावरून करतात हे माहीत होतं, किड्यावरूनही करता येते हे तेव्हा कळलं. त्याच सुमारास दक्षिणेत तांदळाची टंचाई पडली, तेव्हा त्यांनी सुचवलं की चोरून येणारा तांदूळ कायदेशीरच करून टाकू. मी या माणसावर हसत नाही. रोग चोरीचा असेल तर चोरी हा शब्दच कोशातून काढायचा, यापेक्षा सोपं औषध तुम्हाला सुचतं का?

२०१९ साली त्याहून देखणी युक्ती निघाली. आयातीवरची संख्येची मर्यादा काढली, त्याऐवजी शेजारी देशांच्या तांदळावर ३५ टक्के शुल्क बसवलं आणि त्या शुल्कातून शेतकऱ्यांसाठी निधी काढला. यंत्रं, बियाणं, कर्ज, वर्षाला १ हजार कोटी पेसो. पुन्हा वाचा. आयात कमी व्हावी म्हणून काढलेला निधी आयातीवर भरतो. जितका परका तांदूळ जास्त, तितकी घरच्या शेतकऱ्याची मदत मोठी. त्या वर्षी सुगीत भाताचा भाव असा कोसळला की काही ठिकाणी उत्पादन खर्चही निघेना. पण निधी होता ना!

आणि उसनवारीला दोन दुकानं तरी असू द्यावीत. जुलै २०२३ मध्ये भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. जगभर भाव चढले, मनिलात धावपळ उडाली. (निर्यातबंदी म्हणजे काय हे लासलगावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.) सप्टेंबरात तिथल्या सरकारने किलोला ४१ आणि ४५ पेसोची कमाल मर्यादा घातली, ती महिनाभर टिकली. पुढे भारताने खास बाब म्हणून २ लाख ९५ हजार टन द्यायचं कबूल केलं. शेजारणीकडे वाटीभर साखर मागायला जाताना चेहरा कसा ठेवावा, याचा सराव देशांनीही करावा.

राहता राहिली निवडणूक. २०२२ साली राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिलेल्या धाकट्या मार्कोसांनी, म्हणजे थोरल्यांच्या चिरंजीवांनी, २० पेसो किलो तांदळाचं स्वप्न दाखवलं. बाजारात तेव्हा भाव जवळजवळ दुप्पट होता. निवडून आल्यावर त्यांनी कृषी खातं वर्षभराहून अधिक काळ स्वतःकडेच ठेवलं. २०२४ मध्ये शुल्क ३५ वरून १५ टक्क्यांवर आणलं, २०२५ च्या फेब्रुवारीत तांदळासाठी अन्नसुरक्षा आणीबाणी जाहीर केली, मे महिन्यात सेबूपासून २० पेसोचा तांदूळ खरोखर विकायला काढला. सरकारी पैसे घालून, ठरावीक लोकांना, ठरावीक किलो. तोवर घरच्या भाताचा भाव पार खाली आला होता, म्हणून सप्टेंबरात आयातच बंद केली. साठ दिवसांसाठी! मग ती वर्षअखेरपर्यंत वाढवली. तुम्ही असं काही करणार असाल तर व्हिएतनामच्या व्यापाऱ्याला आधी फोन करून ठेवा, माणूस दुखावता कामा नये.

आणि एक, नोटा जपून छापा. फिलिपिन्सच्या २० पेसोच्या नोटेवर मागच्या बाजूला बनावेची भातखाचरं होती. डोंगर हाताने कोरून केलेल्या त्या पायऱ्या, हिरव्यागार. खिशात शेत घेऊन माणूस दुकानात जायचा आणि त्या शेताच्या बदल्यात किलोभर तांदूळ मिळायचा नाही. बरं दिसत नव्हतं ते. आता २० पेसोचं नाणं आलंय. त्याच्या मागच्या बाजूला राष्ट्राध्यक्षांचा राजवाडा आहे.