‘माणूस मिळत नाही’ म्हणे!

गेले पंधरा दिवस एकच मेसेज फिरतोय. गावच्या ग्रुपवर आला, भावकीच्या ग्रुपवर आला, काल दहावीच्या बॅचच्या ग्रुपवरही आला. मजकूर थोडक्यात असा: मराठवाड्यात काम भरपूर आहे, करणारा नाही. आपल्या पोरांना कष्टाची लाज वाटते. बिहार-यूपीचा माणूस इथं येऊन महिन्याला २५ हजार कमावतो आणि आपला पठ्ठ्या पारावर बसून रील बघतो. कंपन्यांच्या गेटवर ‘कामगार पाहिजेत’चे बोर्ड लागलेत, पोरं मात्र सरकारी भरतीच्या नादात. फुकटचं रेशन आणि लाडक्या बहिणीच्या १५०० रुपयांनी सगळे आळशी झाले. शेवटी हात जोडलेले तीन इमोजी.

माझं बीड जिल्ह्यातल्या गेवराईत ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. त्याआधी चार वर्षं संभाजीनगरजवळ वाळूजच्या एमआयडीसीत काढलीत. त्यामुळं इमोजीनं उत्तर देऊन भागत नाही.

आधी लाजेचं बघू. दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे ज्या बीड जिल्ह्यातून लाखो माणसं बिऱ्हाड गाडीत टाकून ऊस तोडायला निघतात, तिथल्या पोरांना कष्टाची लाज वाटते म्हणणाऱ्याची कमालच आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला. ३४ टक्के वाढ, मोठी बातमी झाली. आता हिशेब मांडा. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे फडात उतरायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून गाडी भरायची. दिवसाला दोन टन होतात, फार तर अडीच. म्हणजे ७३२ ते ९१५ रुपये, तेही दोघांत. गाडी रात्री अडीचला आली तर अडीचला उठायचं. आलीच नाही तर त्या दिवसाचं काही नाही. यातून मुकादमाची, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) फेडायची, नाही फिटली की पुढच्या हंगामाला पुन्हा तोच मुकादम. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण इतकं गाजलं, की २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. या घरातली पोरं कोयता नको म्हणतात, ती आईची कंबर बघून.

परप्रांतीयाचे २५ हजार. असतील, मी खोटं म्हणत नाही. जालन्यात सळईच्या मिलमध्ये भट्टीपुढं उभा राहणारा माणूस १२ तासांची शिफ्ट करतो, महिन्याचे तीस दिवस. ३६० तास झाले. तासाला ६९ रुपये पडले. आठ तास, २६ दिवस धरले तर साडेचौदा हजारही भरत नाहीत. आणि कायद्याप्रमाणं ओव्हरटाइम दुप्पट धरून उलटा हिशेब केला, तर मूळ पगार दहा हजारांच्या आसपास येतो. २५ हजार दिसतात ते त्यानं झोप, रविवार आणि सणवार विकलेले असतात म्हणून. बायको-पोरं गावी असतात, खोलीत सहा-सात जण, त्यामुळं त्याला ते परवडतं.

हेच आपली पोरं पुण्याकडं चाकण-रांजणगावच्या कंपन्यांत करतात की! रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं बीड, लातूर, नांदेडहून रोज किती जातात ते स्टँडवर उभं राहून मोजा. तिकडचा ठेकेदार म्हणतो, मराठवाड्याची पोरं बरी, सुट्टी मागत नाहीत. इकडचा म्हणतो, बिहारची बरी, सुट्टी मागत नाहीत. ठेकेदाराला प्रांताशी घेणं नाही. ज्याच्या मयतीचा, लग्नाचा, पेरणीचा गाव ५० किलोमीटरवर नाही, तो माणूस त्याला हवा असतो.

आता गेटवरचे बोर्ड. मागच्या महिन्यात एक २७ वर्षांचा पोरगा पीएफ काढायला दुकानात आला. युएएन म्हणजे पीएफचा नंबर टाकला, ओटीपी आला, पासबुक उघडलं. सहा वर्षांत पाच आस्थापना, पाचही कॉन्ट्रॅक्टर. मी म्हटलं, एवढ्या कंपन्या का बदलल्यास रे? तो म्हणाला, “दादा, कंपनी एकच होती. गेट तेच, मशीनही तेच.” मधे मधे एकेक महिना रिकामा होता. वाळूजला याला ‘ब्रेक’ म्हणतात. २४० दिवस भरले की कायम करा म्हणायचा हक्क तयार होतो, म्हणून सात महिने झाले की ब्रेक. महिनाभर गावी जा, मग दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरच्या नावानं आत या. त्याची पहिली दोन वर्षं तर पासबुकात नव्हतीच. तेव्हा तो ‘ट्रेनी’ होता. ट्रेनी म्हणजे शिकाऊ, कामगार नव्हे, सबब पीएफ नाही. मीही तसाच ट्रेनी होतो. काय शिकलो? तिसऱ्या दिवसापासून तेच प्रेस मशीन मारत होतो, शेजारचा कायमचा माणूस मारायचा तेच. त्याचा पगार माझ्या तिप्पट होता. त्यात त्याची काही चूक नव्हती, तो फक्त वीस वर्षं आधी लागला होता.

बोर्ड कायम लावलेला असतो, कारण आतली माणसं कायम नसतात.

भरतीचा नाद आहे, आणि तो वाईट आहे, हे मी त्याच फॉर्मवर पोट भरणारा असूनही मान्य करतो. २०२४ च्या पोलीस भरतीत साडेसतरा हजारांच्या आसपास जागा, अर्ज १७ लाखांवर. त्याच्या आदल्या वर्षी तलाठी भरतीला साडेचार हजारांच्या आसपास जागा आणि दहा लाखांवर अर्ज, खुल्या गटाला फी हजार रुपये. काही पोरं यात तिशी गाठतात, मग कुठलंच धड राहत नाही. पण सोयरिकीला गेलं की पोरीचा बाप पहिला प्रश्न काय विचारतो? “पर्मनंट आहे का?” पोरगा हुशार आहे का, कष्टाळू आहे का, हे नंतर. बाप शहाणा आहे, बाजारभाव त्याला माहीत आहे.

रेशनबद्दल एकच: माणशी पाच किलो धान्य मिळतं. तेल, डाळ, दवाखाना आणि लातूरची ट्यूशन फी त्या पिशवीत येत नाही.

मेसेजखाली कुणीतरी लिहिलं होतं, आता संभाजीनगरजवळ बिडकीनला टोयोटा येतेय, मग बघू किती जण जातात. जातील, लायनी लावून जातील. पण घोषणेतले आकडे वाचा: सुमारे २० हजार कोटींची गुंतवणूक, थेट रोजगार आठ हजार. एका जागेमागे अडीच कोटी. जिल्हे आठ आहेत आपले.

मेसेज टाकणारे काका आमच्याच गल्लीतले, हार्डवेअरचं मोठं दुकान आहे. परवा माझ्याकडं बोर्डाची प्रिंट काढायला आले: ‘कामाला मुलगा पाहिजे.’ मी टाइप करता करता विचारलं, वेळ काय टाकू? म्हणाले, सकाळी नऊ ते दुकान बंद होईपर्यंत. आणि पगार?

“पगाराचं नको लिहू. आल्यावर बघू.”