खूर हुंगून स्ट्रेन कळत नाही

"मेंढ्यांचं खूर सडवणाऱ्या फूटरॉटचा जंतू एकच. वास आला की ओळखा, रक्त येईपर्यंत खूर सोला, मोरचुदाच्या पाण्यात उभं करा. लॅब म्हणजे पैशाची नासाडी." हा मेसेज आता घरच्या ग्रुपवरही आला, खाली जोडलेल्या हातांची रांग. आता उत्तर देणं भाग आहे.

जंतू एकच? नाव एकच, डायकेलोबॅक्टर नोडोसस. त्याचे काही स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार, दोन खुरांमधली कातडी लाल करून थांबतात, काही खुराचं कवचच आतून सुटं करतात. घातक स्ट्रेनमध्ये एपीआर-व्ही-२ हे जनुक असतं, सौम्य स्ट्रेनमध्ये एपीआर-बी-२. त्यांच्यापासून बनणाऱ्या एन्झाइममध्ये फरक एका अमिनो आम्लाचा! केनन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये 'प्लॉस पॅथोजेन्स'मध्ये दाखवलं की एपीआर-व्ही-२ निकामी केलं की घातक स्ट्रेनचा घातकपणाच जातो. हा फरक कुठलं नाक हुंगणार? कवच सुटून सडलं की घाण वास येतो, हे कबूल. पण सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसतात, आणि कोरड्या हवेत घातक स्ट्रेनही दबून राहतो.

"लॅबला काही सापडत नाही" असंही त्यात आहे. सापडणार कसं? स्वॅब (कापसाच्या काडीवर घेतलेला नमुना) घेतात फूटबाथनंतर, म्हणजे खुरं औषधी पाण्यात बुडवल्यावर, नाहीतर चिखलावरून. नुकत्याच लंगडू लागलेल्या, औषध न दिलेल्या मेंढ्या निवडा. चिखल पुसा, कवच जिथे सुटत चाललंय त्या ताज्या कडेवर स्वॅब घासा. कल्चर करायचं, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवायचा असेल, तर लगेच ट्रान्सपोर्ट मीडियममध्ये (वाटेत जंतू जिवंत ठेवणाऱ्या माध्यमात) घाला; या जंतूला ऑक्सिजन सोसत नाही. खुराची पूड घातलेल्या अगारवर (जंतू वाढवायच्या जेलीवर) वाढायला त्याला चार-सात दिवस लागतात. पीसीआरला, म्हणजे जंतूचं जनुक ओळखणाऱ्या चाचणीला, जिवंत जंतू लागत नाही.

सेरोग्रुप, म्हणजे प्रतिकारशक्ती जंतूला ज्यावरून ओळखते त्यानुसार पाडलेला गट, ही वेगळी तपासणी. ए ते आय आणि एम असे दहा गट. त्यावरून घातकपणा कळत नाही, लस ठरते. सगळे गट एका लशीत कोंबले की प्रत्येकाविरुद्धची प्रतिकारशक्ती कमी पडते. कळपात नेमके एक-दोन गट असतील तर तेवढ्यांचीच लस जास्त चालते.

लंगडत्या मेंढीचे उपचार रिपोर्टसाठी अडवू नयेत, असंही मेसेज म्हणतो; एवढं मात्र त्यातलं खरं. पण उपचार म्हणजे पशुवैद्याने दिलेलं अँटिबायोटिक, सोलणं नव्हे. रक्त काढलं की जखम लांबते.

आणि मोरचूद? त्यात तांबं असतं आणि तांबं मेंढीला विषारी आहे, ते पाणी प्यायली तर मरू शकते. फूटबाथला १० टक्के झिंक सल्फेट वापरा.