शंभरात तेरा, पण कशातले तेरा?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज आला. दोन दिवसांत तोच आणखी चार ग्रुपांमधून माझ्या मोबाइलवर येऊन पडला. वर लाल अक्षरांत 'डॉक्टर तुम्हाला हे सांगणार नाहीत', आणि खाली मजकूर थोडक्यात असा: कंडोम ८७ टक्केच यशस्वी, म्हणजे शंभर वेळा संबंध आला तर तेरा वेळा दिवस जाणार. गोळी वर्षाला ७ टक्के फसते, म्हणजे दहा वर्षांत ७० टक्के. त्यापेक्षा 'सुरक्षित दिवस' पाळा. चुकलंच तर दुसऱ्या दिवशीची गोळी आहेच. आणि ऑपरेशन केलं की मग शंभर टक्के निर्धास्त.

मी पेठेत मेडिकल चालवते. बावीस वर्षं ही पाकिटं वर्तमानपत्रात गुंडाळून देते आहे. (गिऱ्हाईक आधी क्रोसिन मागतं, मग मागचा माणूस जाईपर्यंत शँपू बघत बसतं.) त्यामुळे या मेसेजला उत्तर देणं माझ्याच वाट्याला आलं.

गंमत म्हणजे ८७ आणि ७ हे आकडे खरे आहेत. अमेरिकेतल्या पाहण्यांवरून काढलेले, जगभर वापरले जाणारे. घोळ आहे तो त्यांचा अर्थ लावण्यात.

शंभरात तेरा म्हणजे शंभर वेळांमधले तेरा नव्हेत. शंभर जोडप्यांनी वर्षभर कंडोम वापरला, तर वर्षाअखेरीस त्यांतल्या साधारण तेरा जणींना दिवस गेलेले असतात. मेसेजचा हिशेब खरा धरायचा, तर आठवड्यातून दोनदा जवळ येणाऱ्या जोडप्याला वर्षाकाठी तेरा वेळा दिवस जायला हवेत! आपल्याकडे संततिनियमनाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली मुंबईत त्यांनी केंद्र काढलं तेव्हा लोकांनी नाकं मुरडली, पण निदान भागाकार तरी कुणी असा केला नसेल.

आणि तेरा हा आकडा कशाच्या तुलनेत? काहीच न वापरणाऱ्या शंभर जणींपैकी वर्षभरात सुमारे ८५ जणींना दिवस जातात. ८५वरून १३. याला फसवणूक म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

त्या तेरांतही सगळा दोष रबराचा नसतो. दर वेळी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, नीट वापरला तर हाच आकडा दोनवर येतो. मधले अकरा कुठून येतात ते मला काउंटरवर दिसतं. एप्रिलमध्ये एक मुलगा आला. "काकू, हे फाटतं हो. कंपनी बदलून द्या." पाकीट कुठे ठेवतोस विचारलं, तर म्हणाला, "डिकीत." पुण्यातला एप्रिल, दिवसभर उन्हात तापलेली स्कूटर, आणि तिच्या सीटखाली पाना, पावती न् हे पाकीट! वर आणखी खोबरेल तेल लावत होता. तेलानं लॅटेक्स काही मिनिटांत कमजोर होतं. कंपनी बदलून काय होणार होतं? पाण्याच्या बेसचं जेल दिलं आणि पाकीट घरातल्या कपाटात ठेवायला सांगितलं. शिवाय या तेरांत 'आम्ही कंडोम वापरतो' म्हणणारी, पण दर वेळी न वापरणारी जोडपीही मोजलेली असतात, हे विसरू नका.

गोळीचंही तेच. न चुकता घेतली तर वर्षाला हजारात तीन जणी. प्रत्यक्षात शंभरात सात. माला-डीच्या पट्टीत २१ पांढऱ्या गोळ्या असतात आणि ७ तपकिरी. एका ताईंनी सांगितलं, त्या तपकिरी त्या फेकून देतात, "नुसत्या लोहाच्याच तर आहेत." लोहाच्याच आहेत, खरं आहे. पण त्या दिवस मोजायला ठेवलेल्या आहेत हो! त्या फेकल्या की नवी पट्टी कधी सुरू करायची याचा हिशेब सुटतो, पांढऱ्या गोळ्यांतली सात दिवसांची सुट्टी नऊ दिवसांची होते आणि तेवढ्यात बीजकोश जागा होतो. एखादी गोळी राहिली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यावी. दोन किंवा जास्त राहिल्या तर पुढचे सात दिवस कंडोमही वापरावा. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर गोळीवर विसंबू नये, डॉक्टरांशी बोलून दुसरं साधन घ्यावं.

दहा वर्षांत ७० टक्के, या मुद्द्यात मात्र थोडा दम आहे. जोखीम साठत जाते, हे खरं. पण ती अशी सरळ बेरीज करून मिळत नाही. गुणाकारानं केलं तर ५२ येतात, आणि तेही फुगलेलेच. कारण विसरणाऱ्यांना दिवस जातात ते बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत, मागे राहतात त्या शिस्तीच्या. वयाप्रमाणे दिवस राहण्याची शक्यताही कमी होते. तरी दहा वर्षं मूल नकोच असेल, तर रोज आठवण ठेवावी लागणारं साधन कशाला? तांबी (कॉपर-टी) आहे. वर्षाला हजारात आठ, आणि तिचा ३८० ए हा प्रकार बसवला तर दहा वर्षं बघायला नको. ती विसरता येते, हाच तिचा गुण. माझं मत विचाराल तर हा अख्खा मेसेज खोडून तिथे एवढी एक ओळ लिहावी.

आता 'सुरक्षित दिवस'. हे काही पेठेतलं पी-१, पी-२ पार्किंग नव्हे, की तारीख बघितली आणि बाजू ठरली. स्त्रीबीज जेमतेम दिवसभर टिकतं, पण पुरुषबीज आत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहतं. स्त्रीबीज कधी सुटणार हे आधी कळत नाही. ताप, जागरणं, प्रवास, कशानंही ते पुढे ढकललं जातं. तापमान आणि स्राव रोज तपासून, नोंदी ठेवून करणाऱ्यांचं बरं चालतं. नुसतं कॅलेंडरवर गोल करणाऱ्यांचं नाही. आणि ऐनवेळी बाहेर काढणं? वर्षाला शंभरात वीस. कंडोमच्या तेरांना हसणाऱ्यांनी हा आकडा जरूर बघावा.

दुसऱ्या दिवशीची गोळी मुख्यतः बीज सुटणं लांबवते. बीज सुटून गेलं असेल तर तिचा उपयोग नाही. म्हणून जितक्या लवकर तितकं बरं, ७२ तासांच्या आत. ती घेतल्यानंतर आलेल्या संबंधाला तिचं संरक्षण नसतं. महिन्यात तीनदा ती न्यायला येणाऱ्या मुलीला मी दर वेळी रोजच्या गोळीबद्दल सांगते. ती दर वेळी मान हलवते.

ऑपरेशनही शंभर टक्के नाही. बाईचं हजारात पाच, पुरुषाचं हजारात एक-दोन. पुरुषाच्या नसबंदीनंतर नळीत आधीचं बीज उरलेलं असतं, म्हणून तीन महिने दुसरं साधन वापरून मग वीर्यतपासणी करायची असते. बरेच जण ती करत नाहीत आणि मग बायकोवर संशय घेतात. पुरुषाचं ऑपरेशन सोपं, जास्त खात्रीचं, तरी २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या विवाहित जोडप्यांत बायकांची नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषांची ०.३. यावर बोलत बसले तर दुकान उघडायचं राहील.

राहता राहिलं ते डॉक्टर सांगत नाहीत हे. सरकारी दवाखान्यात तांबी, माला-एन गोळ्या, अंतरा इंजेक्शन, निरोध सगळं फुकट मिळतं. साधन फसून दिवस राहिले, तर २० आठवड्यांपर्यंत ते कायद्यानं गर्भपाताचं मान्य कारण आहे, आणि २०२१च्या दुरुस्तीनंतर त्याला लग्नाची अट नाही.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. एका आजोबांनी लिहिलं, "असले विषय ग्रुपवर नकोत." मूळ मेसेजला त्यांनीच अंगठा दिला होता. मग रात्री वैयक्तिक निरोप आले, तीन. तिघींचा प्रश्न एकच: तांबी पाळीतच बसवावी लागते का? नाही. दिवस गेलेले नाहीत याची खात्री झाली की कधीही बसवता येते, आणि त्याच दिवसापासून ती कामाला लागते.