फुटबॉलची एफडी

परवा ताईचा सांगलीहून फोन आला. "अरे, त्याला पन्नास हजार पाठवायचेत. बँकेत कारण 'घरखर्च' लिहायचं ना?" भाचा इथे अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कोलंबसला, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर एम.एस. करतो. मला वाटलं, भाडं थकलं असेल. (थकलं होतंच, पण ते नंतर कळलं.) खोदून विचारल्यावर ती म्हणाली, "नाही रे, फुटबॉलमध्ये गुंतवायचेत." आणि तिने मला तो फॉरवर्ड पाठवला. तो तिला भिशीच्या गटात मिळाला होता. भाच्याकडे तो आधीच पोचला होता आणि त्याने त्याबरहुकूम कामही सुरू केलं होतं.

फॉरवर्डमधला मजकूर थोडक्यात असा. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या (हे हाताने खेळायचं फुटबॉल) सामन्यांवर पैसे लावणं ही 'एफडीपेक्षा सुरक्षित' गुंतवणूक आहे. मोठं कॉलेज छोट्याला हरवतंच. निकाल कॉम्प्युटर आधीच सांगतो. हरलात तर पुढच्या वेळी दुप्पट लावा, म्हणजे तोटा अशक्य. चार-पाच सामने एकत्र लावले तर बारापट. ओहायोत राहणाऱ्यांनी एकेका खेळाडूच्या कामगिरीवर लावावं, तिथे पैसा सोपा. सगळं कायदेशीर असल्यामुळे कर नाही. आणि भारतातल्या आईवडिलांनी पैसे पाठवावेत, मुलाने लावावेत, नफा निम्मानिम्मा.

'मोठं कॉलेज जिंकतंच' या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण हे वाक्य कोलंबसमध्ये मोठ्याने म्हणायचं धाडस फक्त पाहुणाच करू शकतो. ३० नोव्हेंबर २०२४. ओहायो स्टेट, म्हणजे कोलंबसच्याच विद्यापीठाचा संघ, देशात दुसऱ्या क्रमांकावर, सामना घरच्या मैदानावर, लाखावर प्रेक्षक. समोर मिशिगन, त्या मोसमात सहा विजय आणि पाच पराभव. सट्टाबाजाराने ओहायो स्टेटला सुमारे २० गुणांनी सरस धरलं होतं. मिशिगनने १३-१० असा सामना मारला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिल्या क्रमांकाच्या अलाबामाला व्हँडरबिल्टने ४०-३५ हरवलं आणि सप्टेंबरमध्ये नॉर्दर्न इलिनॉयने नोत्र दामला त्यांच्याच मैदानावर १६-१४. आणि गंमत बघा: मोसमाअखेरीच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यात भिडले ते या हरलेल्यांतलेच दोन संघ, ओहायो स्टेट आणि नोत्र दाम. संघ चांगला असणं आणि त्या विशिष्ट शनिवारी जिंकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बरं, बलाढ्य संघ बहुतेक वेळा जिंकतात, हे मान्य. पण ते तुम्हाला माहीत असतं तसं बुकीलाही माहीत असतं. म्हणून तो नुसतं 'कोण जिंकणार' असं विचारत नाही, 'किती गुणांनी' ते विचारतो. याला इथे स्प्रेड म्हणतात. २० गुणांचा स्प्रेड असेल तर तुमच्या लाडक्या संघाने १७ गुणांनी धूळ चारली तरी तुमचे पैसे गेले. आणि नुसत्या विजयावर लावायचंच असेल तर अशा सामन्यात १०० डॉलर कमवायला हजाराहून जास्त डॉलर पणाला लावावे लागतात. ते हजार त्या नोव्हेंबरच्या दुपारी गेले.

दुपटीच्या मुद्द्यावर मात्र मला थांबावंच लागेल, कारण भाच्याचं भाडं तिथे गेलं.

आधी साधा हिशेब. स्प्रेडवर लावताना नेहमीचा भाव असा असतो: ११० लावा, जिंकलात तर १०० मिळतात. तुम्ही एका बाजूला ११० लावले, मी दुसऱ्या बाजूला ११० लावले, तर बुकीकडे २२० जमले. जिंकणाऱ्याला त्याने २१० दिले आणि दहा खिशात टाकले. कोण जिंकलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तुमच्या बाजूने बघा: बरोबरीत राहायलाच शंभरातले सुमारे साडेबावन्न अंदाज बरोबर यायला हवेत. पन्नास बरोबर आणि पन्नास चूक असे आले, तर शंभर पैजांनंतर ५०० डॉलर गेलेले असतात.

आता यावर दुप्पट करा. भाच्याने २० डॉलरपासून सुरुवात केली. हरला. ४० लावले, हरला. ८०, १६०, ३२०. पाचही हरला. एकूण ६२० डॉलर. सहाव्याला ६४० लावायचे होते, ते खात्यात नव्हते. "मामा, सहावा मी जिंकणारच होतो," असं तो मला म्हणाला. मी त्याला कागद दिला आणि म्हटलं, पाचवा जिंकला असतास असं धर आणि हिशेब कर. ३२० लावून मिळाले असते २९१. आधीचा तोटा ३००. म्हणजे पाचव्या डावाला जिंकूनसुद्धा नऊ डॉलर खड्ड्यात! सहाव्याला जिंकला असता तर खड्डा आणखी खोल. 'तोटा अशक्य' म्हणणाऱ्या त्या महाभागाने ११० चा भाव कधी पाहिलेलाच नाही. त्याने नाणेफेकीचं गणित कुठूनतरी उचललंय आणि फुटबॉलला चिकटवलंय.

"पण सलग पाच हरणं म्हणजे किती वाईट नशीब!" हे ताईचं. नशीब कसलं? निम्मीनिम्मी शक्यता धरली तर पाच सलग पराभव बत्तीसात एकदा येतात. पण मोसमभरात शंभर पैजा लावणाऱ्याला कुठेतरी असे पाच सलग पराभव भेटण्याची शक्यता जवळपास ८० टक्के आहे. दर शनिवारी इथे पन्नासच्या वर सामने असतात, शंभर पैजा व्हायला वेळ लागत नाही. ज्याला तो पोरगा अपघात समजतोय ती वेळापत्रकाप्रमाणे येणारी गाडी आहे.

'चार-पाच एकत्र लावा' याला इथे पार्ले म्हणतात. बिस्किटाशी संबंध नाही, पण चहात तितक्याच लवकर विरघळतं. निम्म्या शक्यतेच्या चार पैजा एकत्र जुळण्याची शक्यता सोळात एक, आणि जुळल्या तर मिळतात लावलेल्याच्या साधारण सव्वातेरा पट, तुमची मुद्दल धरून. उरलेले पावणेतीन कोणाच्या घरी गेले ते विचारू नका. नेवाडात हा धंदा अनेक दशकं कायदेशीर आहे आणि तिथल्या नोंदी लास वेगासच्या विद्यापीठाने जपून ठेवल्या आहेत. साध्या पैजांवर लावलेल्या शंभरातले पाचेक डॉलर बुकीकडे राहतात, पार्लेवर सुमारे तीस. पैजेचं अ‍ॅप उघडल्याबरोबर पार्लेची जाहिरात आधी का दिसते, ते यावरून कळेल.

कॉम्प्युटरचं थोडं खरं आहे, म्हणून जरा नाखुशीनेच लिहितो. अंदाजाची मॉडेलं आहेत आणि चांगली आहेत. पण 'अमुक संघ जिंकण्याची शक्यता ८० टक्के' म्हणजे पाचातून एकदा हरणार असंच ते मॉडेल सांगत असतं, आणि स्प्रेड ठरवणाऱ्यांकडेही मॉडेलं असतातच. तरीही कॉलेज फुटबॉलमध्ये वरच्या गटातच १३० हून जास्त संघ आहेत, त्यामुळे एखाद्या आडबाजूच्या सामन्याचा भाव कधी चुकतो. तो हेरणारे लोक आहेत. रोज बारा तास तेच करतात, आणि ते सतत जिंकायला लागले की बहुतेक अ‍ॅप त्यांची पैजेची मर्यादा खाली आणतं. नव्या गिऱ्हाईकाला अ‍ॅप जी फुकट पैज देतं तिच्यातही खरोखर थोडा फायदा असतो. गूळ दाखवल्याशिवाय मुंग्या येत नाहीत.

खेळाडूंवर लावायचा सल्ला तर ओहायोपुरता निव्वळ अडाणीपणा आहे. कॉलेजच्या एकेका खेळाडूच्या कामगिरीवरच्या पैजा ओहायोने १ मार्च २०२४ पासून बंद केल्या आहेत. लोक हरल्यावर एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना धमक्या पाठवत होते, म्हणून कॉलेज खेळांची संघटना एनसीएए हिनेच ती मागणी केली होती.

आता कर. हा मुद्दा शिकायला आलेल्या प्रत्येक पोराने वाचावा, बाकीचं सोडलं तरी चालेल. अमेरिकेत जुगारातली कमाई करपात्र आहे, ती कायदेशीर असो वा नसो. इथला नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला निदान हरलेली रक्कम काही प्रमाणात वजा दाखवू शकतो (२०२६ पासून तीही ९० टक्केच). पण एफ-१ व्हिसावरचा विद्यार्थी साधारण पहिली पाच वर्षं करापुरता 'अनिवासी' असतो, आणि अनिवासी माणसाला पैजेतला तोटा वजा करता येत नाही. जिंकलेल्या रकमेवर सरळ ३० टक्के. भाच्याचं बघा. त्या पाच पराभवांच्या आधी सप्टेंबरपासून त्याचा जमाखर्च शून्यावर होता: १,४०० जिंकला, १,४०० हरला. "म्हणजे काहीच झालं नाही ना मामा?" झालं ना. १,४०० चे ३० टक्के, ४२० डॉलर कर. वर ते ६२० गेलेलेच. शून्य कमवून त्याला हजार डॉलरचा चुना लागला आहे, आणि फॉरवर्ड म्हणतो कर नाही.

आणि आता ताईचे पन्नास हजार. माझा खरा संताप इथे आहे. बाकीच्या मुद्द्यांनी एका पोराचे पैसे जातात. हा मुद्दा सांगलीतल्या निवृत्त शिक्षिकेला बँकेच्या अर्जावर खोटं लिहायला लावतो. आईने मुलाला खर्चाला पैसे पाठवणं पूर्ण वैध आहे, म्हणूनच तर फॉरवर्ड लिहिणाऱ्याने 'घरखर्च लिहा' असं सुचवलंय. पण परदेशी चलनाच्या कायद्याखालचे, फेमाखालचे, २००० सालचे 'चालू खात्याच्या' (बँकेतल्या नव्हे, देशाच्या) व्यवहारांचे नियम आहेत. त्यांच्या पहिल्या अनुसूचीत कोणत्या कामासाठी भारतातून पैसे पाठवताच येत नाहीत याची यादी आहे. तिच्यात लॉटरीची तिकिटं आहेत, बंदी घातलेली मासिकं आहेत, स्वीपस्टेक्स आहेत, आणि त्यांच्याच रांगेत शब्दशः 'फुटबॉल पूल्स' आहेत. पुढे 'वगैरे'. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर इंग्लंडमधली फुटबॉलचे निकाल ओळखायची कुपनं असणार, ओहायो स्टेट नव्हे, हे मला कळतं. पण 'आमचं फुटबॉल वेगळं, ते हाताने खेळतात' असं ताईने बँकेच्या साहेबाला सांगून बघावं. त्यात २०२५ मध्ये भारताने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आहे, म्हणजे हवा कुठल्या दिशेची आहे ते स्पष्ट आहे.

इकडच्या बाजूनेही तेच. दुसऱ्याच्या पैशाने, दुसऱ्याच्या वतीने पैज लावायची नाही, हे अ‍ॅपच्या अटींत लिहिलेलं असतं. ते वाचतो कोण? 'निम्मानिम्मा नफा' म्हणजे आईसाठी पोराने केलेली दलाली. खातं गोठलं तर आत अडकलेले पैसे कोणाचे, हे व्हिसावरचा पोरगा कोणाला समजावणार?

ताईला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "पण अमेरिकेत हे उघड चालतं ना? मटक्यासारखं लपूनछपून नाही." उघड चालतं, खरं आहे. २०१८ च्या मे महिन्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या पैजांवर बंदी घालणारा १९९२ चा कायदा रद्द केला, तेव्हापासून एकेक राज्य यात उतरलं. ओहायो १ जानेवारी २०२३ ला. पण मटक्याचं नाव तिने काढलंच, तर तोसुद्धा मुळात अमेरिकेवरचाच जुगार. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातला उघडता आणि बंद होतानाचा भाव तारेने मुंबईला यायचा आणि त्यावर लोक आकडा लावायचे. आमच्या थोरल्या आजोबांनी त्यात मिरजेजवळची दोन एकर घालवली. तेव्हाही कोणीतरी त्यांना 'पक्का आकडा' आणून देत असे.

ताईने पैसे पाठवलेले नाहीत. भाड्याचे मी दिले, उसने म्हणून, तारीख लिहून घेऊन. भाच्याने ओहायोच्या 'टाइम आउट' योजनेत एक वर्षासाठी स्वतःचं नाव घातलं; आता त्या वर्षात राज्यातल्या कोणत्याही अ‍ॅपवर त्याला लावता येणार नाही. नाव घालताना फार कुरकुरला. एप्रिलमध्ये तो कराचा अर्ज भरेल तेव्हा मी शेजारी बसणार आहे आणि ते १,४०० त्यात लिहिलेले बघणार आहे, असं त्याला कळवलंय. संदेशावर दोन निळ्या खुणा आल्यात, उत्तर अजून नाही.