चार्ज कुणाकडे आहे?

परवा पीएच.डी.च्या एका विद्यार्थ्याने प्रश्नावली तपासायला आणली आणि सतरा वर्षांपूर्वीची माझीच समोर आली. विषय तोच, शालेय नेतृत्व. "मी शाळेची उद्दिष्टं सहकाऱ्यांना समजावून सांगतो." खाली पाच चौकटी, 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंत. आता कुठला मुख्याध्यापक 'कधीच नाही'वर खूण करेल? माझ्या वेळीही कुणी केली नव्हती. आकडे झकास आले, व्हायवा अर्ध्या तासात आटोपला.

ही मोजपट्टी मुळात अमेरिकन शिक्षण-अभ्यासक फिलिप हॉलिंजर यांनी १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या प्राथमिक शाळांसाठी बनवली. तिथल्या प्रिन्सिपलला स्वतःचा वर्ग नसतो. मी तिचं मराठी केलं आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत जाऊन बसलो. बाई तांदळाच्या गोणीवर कागद ठेवून खुणा करत होत्या. समोर पहिली-दुसरीची पोरं, दुसरे सर मीटिंगला तालुक्याला. मध्येच फोन आला, माहिती आजच्या आज पाठवा. मी विचारलं, "मुख्याध्यापक तुम्हीच ना?"

"कसली मुख्याध्यापक, सर! चार्ज आहे माझ्याकडं. आधीचे गुरुजी बदलून गेले, मी सिनिअर, म्हणून किल्ल्या माझ्याकडं."

'पद' या रकान्यात मी तरीही 'मुख्याध्यापक' लिहिलं. प्रबंधात त्या आजही मुख्याध्यापकच आहेत.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीचा पट १५०च्या वर गेला तरच स्वतंत्र मुख्याध्यापक. सहावी ते आठवीला १००च्या वर. वाडीवस्तीवर पट वीस-पंचवीस. म्हणजे ज्याच्या नेतृत्वावर आम्ही चर्चासत्रं भरवतो, ते पदच तिथे नसतं.

याचं उत्तर कुणी शोधलंच नाही असंही नाही. त्याच भुदरगडातल्या गारगोटीत मौनी विद्यापीठ ही शिक्षणसंस्था उभारण्यात शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक होते. पुढे ते देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव झाले. हायस्कूलभोवतीच्या लहान शाळांनी मिळून संकुल करावं, साधनं आणि माणसं वाटून घ्यावीत, ही कल्पना त्या आयोगाची. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ती पुन्हा काढली आणि मधल्या काळात ती अमलात आली नाही हेही लिहून टाकलं. आपल्या महाराष्ट्रात २०२३ मध्ये मात्र तिचं रूप 'समूहशाळा' झालं, म्हणजे वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करायच्या. शिक्षक बिथरले, ते उगाच नाही. शाळांनी एकमेकींना हात देणं वेगळं, लहान शाळेला कुलूप लावणं वेगळं.

विद्यार्थ्याला म्हटलं, हे कागद ठेव बाजूला. एका शाळेत आठवडाभर बस, वर्ग सोडून कितीदा उठावं लागलं आणि कशासाठी, एवढंच लिही.

"पण सर, यात नेतृत्व कुठं मोजायचं? आणि सिनॉप्सिस पंधरा तारखेला द्यायचाय."

सही केली मी. पहिला प्रश्न तेवढा बदलून घेतला : चार्ज कधीपासून आहे?